देवीच्या नावावरचा पत्ता

रजेच्या अर्जावर ‘ठाणे आणि डोंबिवली’ हे वाचून आमच्या साहेबांनी चष्मा खाली घेतला. ‘वंदनाताई, मे महिन्यात नागपूरचा माणूस पचमढीला जातो, मनालीला जातो, काहीच नाही तर चिखलदऱ्याला जातो. ठाण्याला काहून?’

काहून ते ऐकायला त्यांच्याजवळ वेळ नव्हता आणि सांगायला माझ्याजवळ धीर. ‘धाकटी बहीण डोंबिवलीला असते’ एवढं सांगून मी निघाले. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की मी एका देवीच्या ओळखीचा पुरावा आणायला निघाले होते.

आमची कंपनी इंटरनेटवरची नावं भाड्याने देते. लोकांना वाटतं नाव विकत मिळतं. तसं नसतं. ते ठरावीक वर्षांच्या कराराने मिळतं आणि मुदत चुकली की जातं. पत्त्याच्या शेवटी ठिपका असतो आणि ठिपक्यानंतर ‘कॉम’, ‘इन’ किंवा आता ‘भारत’ असतं, ते त्या नावाचं आडनाव समजा. प्रत्येक आडनावाचं दफ्तर कोणा एकाच संस्थेकडे असतं. आम्ही मधले अडते, तिथे गिऱ्हाइकाची नोंद चढवून देतो. माझं टेबल खातरजमेचं, म्हणजे नाव घेणारा माणूस खराच आहे ना, हे पुरावा मागून पाहायचं. या कामात केस पांढरे झाले, पण एकाही गिऱ्हाइकाचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

तर गेल्या उन्हाळ्यात ठाण्याच्या बाळकुमकडच्या एका पाड्याचं नाव माझ्या टेबलावर अडकलं. आडनाव ‘भारत’. मालकाच्या रकान्यात नाव होतं गावदेवी, आणि आडनावाच्या जागी माता. मी नियमाने पत्रं धाडत राहिले: ‘प्रिय गावदेवी माता, आपल्या ओळखीचा पुरावा त्वरित सादर करावा, अन्यथा सेवा खंडित करण्यात येईल.’ पत्रं परत येत राहिली, कारण नोंदीतला ईमेलच बंद पडला होता. शेवटी आम्ही साइट थांबवून तिथे पुराव्याची सूचना लावली आणि दुसऱ्याच दिवशी एका बाईचा फोन आला.

‘मॅडम, मी वनिता भोईर बोलतेय. तुम्ही देवीचं आधार मागताय ना, ते कुठून आणू?’

मी हसले. ती हसली नाही. तिच्या सासूबाई हिराबाई या धवलारीण. आगरी लग्नांत गाणी म्हणून लग्न लावणारी ही बाई. तिच्या गाण्यांना धवले म्हणतात. ती गाणी कागदावर नव्हती, बाईच्या गळ्यात होती. हिराबाईंचा आवाज बसायच्या आत वनिताने ती ध्वनिमुद्रित करून साइटवर ठेवली. पाड्याच्या लेकी जिथे जिथे दिल्या आहेत तिथल्या लग्नांत आता तीच वाजतात. पत्ता पत्रिकांवर छापतात. देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा तो पायरीच्या संगमरवरात कोरूनही घेतलाय.

‘आणि हा पत्ता गेला तर, मॅडम?’

उत्तर मला पाठ होतं. सुटलेल्या नावावर लोक गिधाडासारखे टपलेले असतात. बहुतेक तिथे जुगाराचं दुकान लागतं. देवळाच्या पायरीवरचा पत्ता उघडला की रमीचे पत्ते दिसतील, हे काही मी तिला सांगितलं नाही. इलाज मात्र सांगितला: मालक म्हणून गावाची संस्था लिहा आणि जबाबदार म्हणून एका माणसाचं नाव, पुराव्यासकट. तिने ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाली, ‘एका माणसाचं नाव? तेच तर इथे होत नाही ना, मॅडम.’ पुराव्याची मुदत पुढच्या शुक्रवारची होती, त्यानंतर नाव सुटणार होतं.

डोंबिवली, सोमवार

नागपूरचं ऊन माणसाला भाजतं, डोंबिवलीचं शिजवतं. सुलूच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, घरी पोचेपर्यंत माझी कडक इस्त्रीची साडी पोतेऱ्यासारखी झाली होती. सुलूला इथे येऊन इतकी वर्षं झाली, की ती आता ‘काहून’ म्हणत नाही. सकाळी तिने पोहे केले, वर ओलं खोबरं. मी सवयीने तर्री मागितली.

‘पोह्यांवर रस्सा? अगं, विसरले गं मी ते सगळं,’ ती म्हणाली. नागपूरची पोरगी तर्री विसरते, यापेक्षा स्थलांतर म्हणजे दुसरं काय असतं? मी बिनतर्रीचे पोहे खाल्ले. चांगले होते, हे कबूल करायला पाहिजे.

‘सुट्टीत कोणी ऑफिसचं काम करतं का? आणि तेही देवीचं?’ सुलू विचारत होती.

‘देवीचं म्हणूनच,’ मी म्हटलं. मी फार देवभक्त नाही. पण नियमाच्या एका ओळीने गावाची गाणी जावीत, याचा मला राग आला होता आणि तो राग घेऊन मी इतका प्रवास केला होता. नियम लिहिणाऱ्याचा काही दोष नाही, त्याने बाळकुम पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतंच.

कल्याण, मंगळवार

साइट ज्यांनी बांधून दिली त्या लेले सरांचा पत्ता वनिताने दिला होता. दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला, खाडीचा वारा येतो अशा गॅलरीत ते बसतात. पूर्वी त्यांचा कम्प्युटरचा क्लास होता. तो बंद झाला, त्याबरोबर क्लासचा ईमेलही बंद झाला आणि माझी सगळी पत्रं त्या बंद दारावर आपटत होती.

भिंतीवर जगाचा भलामोठा नकाशा. देशांची नावं पांढऱ्या रंगाने झाकून सरांनी त्यावर फक्त दोन-दोन अक्षरं लिहिली होती. आपल्यावर ‘आयएन’. मी त्या नकाशासमोरच उभी राहिले. बाप्पा! रोज ज्या अक्षरांशी झटापट करते ती अशी डोंगर-समुद्रांवर बसलेली मी पहिल्यांदा पाहत होते.

‘हा ठिपका दिसतो का?’ सरांनी प्रशांत महासागरात बोट ठेवलं. ‘चिमुकली बेटं. वाट्याला अक्षरं आली टीव्ही. जगभरच्या वाहिन्यांना ती हवीशी झाली आणि या बेटांना नारळाखेरीज दुसरं उत्पन्न मिळालं. आणि हे वर पाहा. सोव्हिएत संघ मोडून किती काळ लोटला, पण त्याची दोन अक्षरं अजून चालू आहेत. देश गेला, पत्ता राहिला.’

‘माझ्याकडे उलटं आहे,’ मी म्हटलं. ‘गाव आहे आणि पत्ता चाललाय. सर, तुम्ही देवीला मालक कसं केलंत?’

सर हसले. ‘अहो, मी त्यांच्या देवळात बसून नोंदणी करत होतो. विचारलं, मालक म्हणून कोणाचं नाव घालू? सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. सातबाऱ्यावर एकदा एकाच चुलत्याचं नाव लागलं होतं. त्या शेतात आज केवढी इमारत उभी आहे ते तुम्ही पाहालच. तेव्हापासून एकाचं नाव पुढे आलं, की दुसरा उठून जातो. देवळाची घंटासुद्धा त्यांनी देवीच्या नावावर घेतली आहे. शेवटी दत्तूबुवा म्हणून वडीलधारे आहेत, ते म्हणाले, आईचं लिहा, ती कोणाला विकणार नाही. मला ते इतकं पटलं, की मी लिहून टाकलं. चूक माझी.’

खरं सांगते, मलाही ती चूक आवडली.

चहा आला. सर पुन्हा नकाशाकडे वळले. ‘सुरुवातीला ही सारी यादी अमेरिकेतल्या विद्यापीठातला एक संशोधक सांभाळत असे, जवळजवळ एकट्याने. कोणत्या देशाची अक्षरं कोणाच्या हाती द्यायची, ते तो माणूस पारखून ठरवी. अट एकच, की मालक म्हणून घ्यायची नाहीत. त्या देशातल्या लोकांच्या वतीने जपायची. आज मोठमोठ्या संस्था, समित्या, करार झाले. पण मूळ विचार तोच. ठिपक्यापलीकडचं काहीच कोणाच्या मालकीचं नाही.’

माझ्या रोजच्या कामाबद्दल हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी फक्त रकाने तपासत होते.

निघताना सरांनी खातं उघडून ते वनिताच्या ईमेलवर वळवून दिलं. अर्धं काम झालं. जिन्यापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, ‘ते ‘भारत’ आपल्या अक्षरांत उमटतं ना, ती देखील गंमतच आहे. यंत्राच्या पोटात ते अजून इंग्रजी अक्षरांचा एक विचित्र पुंजकाच असतं. पण आपल्याला दिसतं ते आपलं दिसतं. तेवढ्यासाठी लोकांनी किती वर्षं वाट पाहिली! ते जाऊ देऊ नका.’

शीळफाटा, बुधवार

शीळफाट्याला चारी दिशांचे रस्ते एकमेकांना भेटायला येतात आणि कोणी कोणाला पुढे जाऊ देत नाही. माझी ठाण्याची बस तिथे थांबली ती थांबलीच. कंडक्टर खाली उतरून कोणाशी गप्पा मारून आला, तरी ती तिथेच होती. खिडकीशी एक बाई ताडगोळे घेऊन आली. नागपुरात आम्ही संत्र्यांत वाढलो, ताडगोळ्याशी ओळख नाही. मी त्याची साल न काढता दात मारला. आतलं पाणी पिचकारीसारखं उडालं, ते थेट शेजारच्या गृहस्थांच्या चष्म्यावर.

‘ताई, पहिल्यांदा आलात काय?’ त्यांनी शांतपणे चष्मा पुसत विचारलं, आणि दुसरा ताडगोळा सोलून माझ्या हातात दिला. साल काढल्यावर तो गार, लुसलुशीत आणि जरासा गोड लागला. या गर्दीत वैतागलेली माणसं असतील अशी माझी समजूत होती. ती त्या ताडगोळ्याबरोबर विरघळली.

बाळकुम

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोवर वनिता स्कूटर घेऊन उभी होती. बारीक अंगाची, भरभर बोलणारी. ‘मॅडम, तुम्ही खरंच आलात? मला वाटलेलं, फोनवर बोलतात लोक तसं तुम्ही पण बोललेलात.’

पाडा टॉवरांच्या मधे आहे. म्हणजे आधी पाडाच होता, टॉवर त्याच्या भोवती उगवले. त्या उंच भिंतींच्या तळाशी कौलारू आणि सिमेंटची घरं, अंगणात सुकत घातलेली मासळी आणि गावदेवीचं ठेंगणं देऊळ. पायरीवर खरंच तो पत्ता कोरलेला होता, ठिपक्यासकट. मी वाकून त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. गुंजेएवढा खड्डा, त्यात कुंकू भरलेलं. बायका पायरी पुजताना त्यालाही बोट लावतात म्हणे.

दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकट. आमच्याकडे मासे तळ्याचे, गोड्या पाण्याचे. खाडीची ही चव सुरुवातीला नाकात शिरते, मग जिभेवर बसते, मग दुसरी भाकरी कधी संपली ते कळत नाही.

हिराबाई ओटीवर बसल्या होत्या. कासोट्याचं लुगडं, आवाज घोगरा, नजर तरतरीत.

‘कुठशी आयलीस गो बाय?’

‘नागपूरहून.’

‘नि आमचा नाव तिथशी बंद केलाव?’

मला ओशाळल्यासारखं झालं. मग त्यांनीच विचारलं, की मोबाइलमध्ये नाव टाकलं, की त्याला घर कसं सापडतं? मी सांगायला लागले. पत्ता आपण वाचतो एका टोकाकडून, यंत्र शोधतं दुसऱ्या टोकाकडून. आधी सगळ्या जगाच्या मुळाशी जाऊन विचारतं, ‘भारत’ कुठे? तिथून धाडतात ‘भारत’च्या दफ्तराकडे. तिथे विचारतं, अमुक पाडा कुठे? मग ते दफ्तर घर दाखवतं.

हिराबाईंनी मान हलवली. ‘धवल्यान पन तसाच. पयले सूर्याला, धरतरीला आवतन. मंग गावदेवीला. मंग कुळाला. मंग घरच्या वऱ्हाडाला. मधला एक जरी चुकला त पुढचा रुसतंय.’

नव्या पोरांना हे समजावून सांगायला आमच्या कंपनीत दोन दिवसांचा वर्ग घेतात. पुढच्या वेळी मी हिराबाईंचं आवतण सांगणार आहे.

गुरुवार, देवळाच्या मांडवात

पाड्याच्या जुन्या पंचायतीला गावकी म्हणतात. ती वनिताने बोलावली. माणसं आली, पण बसली ती तुकड्या-तुकड्यांनी. एका खांबापाशी हे भाऊ, दुसऱ्यापाशी ते. बायका मागे. मधली जागा रिकामी.

मी उभी राहिले. पन्नास माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. म्हटलं, मालकीण देवीच राहील, गावकीच्या नावाने. फक्त तिच्या वतीने सही करायला एक विश्वस्त हवा.

‘विश्वस्त मंजे ट्रस्टी ना?’ पांढऱ्या मिशांचे दत्तूबुवा गरजले. ‘ट्रस्टीनीच आमची तलावाकडची जागा खाल्ली! नाव एकाचा लागला, की बाकीची उपरी. बाय, तू शिकलेली हायेस, पन आमी भाजलेली हाव.’

मांडवात होकाराचा गलका झाला. एका बाजूने कोणी म्हणालं, लावा आमच्या मोठ्याचं नाव. दुसऱ्या खांबापाशी दोघं लगेच उठून चपला शोधायला लागले. वनिताचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं. उद्या शुक्रवार.

मग मला कल्याणचा नकाशा आठवला आणि मी जवळजवळ ओरडलेच, ‘अहो, मालकी नाहीच आहे! कोणाचीच नाही! तुमची नाही, माझ्या कंपनीची नाही, अमेरिकेचीसुद्धा नाही. हे नाव विकत घेताच येत नाही. ते मुदतीने सांभाळायला मिळतं. ज्या माणसाने सुरुवातीला जगातल्या देशांना ही अक्षरं वाटली, त्यानेही हीच अट घातली होती. तुम्हाला मालक निवडायचा नाहीये. राखणदार निवडायचाय.’

चपला शोधणारे थांबले.

‘राखनदार,’ दत्तूबुवा सावकाश म्हणाले. ‘शेतान रातचा उभा रातो. पीक त्याचा नसता.’

‘हो. तोच.’

‘मंग कोन?’

उत्तर आलं ते मागच्या बायकांतून. कोणी एक म्हणाली, ‘माझा लगीन हिराबायनी लावला.’ दुसरी म्हणाली, ‘माझा पन.’ मग एका खांबापासचा माणूस, मग दुसऱ्या. दत्तूबुवांनी मिशीवरून हात फिरवला. ‘माझा नाय,’ ते म्हणाले, ‘माझा तिच्या सासूनी लावला. पन माझ्या पाची पोरांचा तिनीच.’ अख्ख्या मांडवात असं एकही घर नव्हतं, की ज्याच्या उंबऱ्यात हिराबाई उभ्या राहिल्या नव्हत्या. ज्या बाईने तुमचं घर जोडून दिलं, ती तुमचं नाव विकेल, असं म्हणायची कोणाची छाती होणार?

हिराबाई तेवढ्या नाही म्हणत होत्या. ‘मना नको. मी आता किती दिसाची?’

‘नाव तुमचं, काम मी करते ना, आई,’ वनिता म्हणाली, तेव्हा कुठे तयार झाल्या.

पुढचं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पण आधार पडताळायच्या यंत्रावर अंगठा टेकवला, तर यंत्र घेईना. हिराबाईंचा जन्म मिठागरात गेलेला, बोटांवरच्या रेघा मिठाने कधीच नेल्या होत्या. मग मोबाइलवर ओटीपी मागवला. तो गेला वनिताच्या नवऱ्याकडे, कारण आधारला नंबर त्याचा जोडलेला. आणि तो टेम्पो घेऊन होता कुठे? शीळफाट्याला! पहिला ओटीपी त्याने वाचेपर्यंत त्याची वेळ संपली. दुसरा मागवला. मांडवातली सगळी माणसं, दोन्ही खांबांची, उठून त्या एका फोनभोवती गोळा झाली. हॉर्नच्या गदारोळातून तो एकेक आकडा ओरडत होता, इकडून सगळे तोच आकडा पुन्हा ओरडत होते आणि वनिता टाइप करत होती. पडद्यावर हिरवी खूण आली. कोणीतरी घंटा वाजवली, तीच देवीच्या नावावरची. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

नव्या नोंदीचा शेवटचा प्रश्न उरला होता. ‘किती वर्षांसाठी घ्यायचं?’

‘धा वर्सांचा टाक!’ दत्तूबुवा म्हणाले. ‘परत ही कटकट नको.’ सगळ्यांनी माना डोलावल्या.

‘एका वर्साचा,’ हिराबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

‘जमीन वाटली तवापासना तुमी समदी या मांडवान एकत्र बसलेली मना आठवत नाय. आज बसलाव. देवीला पन दिसला आसंल.’ त्या थांबल्या, घसा साफ केला. ‘धा वर्सांचा घेतलाव, त मी काय परत बघाला नाय. एका वर्साचा घ्या. दर वर्साला बसा, भांडा, नि नवा राखनदार ठरवा.’

मांडवाच्या मधली मोकळी जागा आता कुठेच दिसत नव्हती, सगळे फोनसाठी जवळ आलेले तसेच उभे होते. मी वनिताकडे पाहिलं. तिने एकाचा आकडा भरला.

नागपूर

परत आल्यावर साहेबांनी विचारलं, कसं काय ठाणं? मी म्हटलं, पाहण्यासारखं आहे. ते हसले. मी हे प्रवासवर्णन लिहायला घेतलं ते त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी.

लिहिता लिहिता वर्ष सरलं. यंदा त्या नावाची मुदत जवळ आली, तशी माझ्या टेबलावरून आठवणीची चिठ्ठी गेली, या वेळी मराठीत. परवा फोन आला. मला वाटलं वनिता असेल, दत्तूबुवा होते. मागे इतका गोंगाट, की ते फोनवर ओरडतच होते.

‘बाय, आमी बसलोय गो समदी मांडवान! सकालपासना भांडतोय. नाव कोनाचा लावाचा, ठरत नाय. परतेक जन दुसऱ्याचा सांगतो.’

‘आणि हिराबाई?’

‘ती ना? मधोमध बसलीय. बोलत काय नाय, नुसती हसतंय. तू येतेस का? सुकट ठेवलीय.’

मी रजेचा अर्ज काढला आणि जाण्याच्या ठिकाणापुढे पुन्हा ठाणे लिहिलं.